शालेय हिवाळी समारंभ : धार्मिक आणि लौकिक यांतील सीमारेषा
(गिरीज परिसराच्या संदर्भात एक भाषिक विचार)

१. प्रश्नाचे स्वरूप

मार्गशीर्ष आणि पौष हे मराठी शाळांतील समारंभांचे महिने होत. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकरांच्या महापरिनिर्वाण दिनानिमित्त अभिवादन असते. २४ डिसेंबरला साने गुरुजींची जयंती, दुसऱ्या दिवशी नाताळ, ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची आणि १२ जानेवारीला जिजाबाईंची जयंती, १४ अथवा १५ जानेवारीस मकरसंक्रांत आणि २६ जानेवारीस प्रजासत्ताक दिन असा क्रम असतो. यांच्या दरम्यान सवड सापडेल तेथे वार्षिक स्नेहसंमेलन बसविलेले असते. यांपैकी काही समारंभ धार्मिक व काही लौकिक, अशी विभागणी सहजपणे केली जाते. परंतु ती कोणत्या निकषावर केली जाते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

सर्वांच्या पैशाने चालणाऱ्या आणि सर्व धर्मांची मुले जेथे एका बाकावर बसतात अशा शाळेत सण साजरा करावयाचा तो कोणत्या स्वरूपात, या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. धर्माशी संबंध असलेला प्रत्येक दिवस शाळेबाहेर ठेवावा, हे एक. सर्व धर्मांचे सण सारख्याच उत्साहाने शाळेत साजरे करावेत, हे दुसरे. ही उत्तरे परस्परविरोधी दिसत असली तरी त्यांच्या बुडाशी एकच गृहीत आहे. धार्मिकता ही त्या दिवसात किंवा त्या दिवसाच्या साहित्यात, म्हणजे ताऱ्यात, गोठ्यात, तिळगुळात वा समईत असते, असे दोन्ही पक्ष मानतात.

प्रस्तुत लेखात निराळा विचार मांडावयाचा आहे. धार्मिक आणि लौकिक यांमधील सीमारेषा दोन समारंभांच्या मधून जात नसून प्रत्येक समारंभाच्या आतून जाते. ती शोधावयाची तर वस्तूंपेक्षा वाक्यांकडे पाहिले पाहिजे. समारंभात कोण बोलतो, कोणास उद्देशून बोलतो आणि कोणाच्या वतीने बोलतो, या तीन गोष्टींवर ती अवलंबून असते. हा केवळ व्याकरणाचा कुतूहलविषय नव्हे. वर्गातील जे मूल त्या सणाचे नाही, त्याला त्या दिवशी कोणते स्थान मिळते, हे या तीन गोष्टींवरून ठरते. सात-आठ वर्षांच्या मुलाला संविधानाचा अनुच्छेद ठाऊक नसतो. परंतु शिक्षकांच्या वाक्यात आपण धरले गेलो की वगळले गेलो, हे त्यास नेमके कळते.

२. गिरीज : एका डिसेंबरात दोन यजमान

या विचारासाठी वसईच्या पश्चिम पट्ट्यातील गिरीज हे गाव निवडण्यास कारण आहे. गिरीज येथील वज्रगड ऊर्फ हिराडोंगरी या टेकडीवर दत्ताचे मंदिर आहे. जवळच्या निर्मळ या तीर्थस्थानी कार्तिक वद्य एकादशीपासून यात्रा भरते. याच पट्ट्यात मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजाची दाट वस्ती आहे आणि डिसेंबर लागला की घरोघरी तारे टांगले जातात व नाताळगोठे उभारले जातात. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसईचा प्रदेश गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेने मराठ्यांकडे आला. या दोनशे वर्षांत येथील अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. सत्तांतरानंतरही ती येथेच राहिली व मराठीच बोलत राहिली. १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा असा वसई धर्मप्रांत स्थापन झाला.

या परिसराचे पंचांग मुळातच मिश्र आहे. नाताळ सौर तारखेने ठरतो. दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेस असल्यामुळे ती बहुधा डिसेंबरातच, परंतु मागेपुढे होत येते. ईद-ए-मिलाद शुद्ध चांद्र गणनेने दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते. २०१५ मध्ये दत्तजयंती आणि ईद-ए-मिलाद हे दोन्ही दिवस २४ डिसेंबरला आले आणि लागोपाठ नाताळ आला. २०२३ मध्ये नाताळच्या दुसऱ्याच दिवशी दत्तजयंती होती. कोणत्याही मुख्याध्यापकाला अशा आठवड्यात सण टाळणे अशक्य असते. त्यांविषयी काय बोलावयाचे एवढेच त्याच्या हाती उरते.

या भागात दोन प्रकारच्या शाळा शेजारी शेजारी नांदतात. एक, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासून अस्तित्वात आल्या. गिरीज त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते, १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. दुसऱ्या, धर्मग्रामांशी किंवा ख्रिस्ती संस्थांशी संबंधित व्यवस्थापनांनी चालविलेल्या अनुदानित शाळा. पहिल्या शाळेत समारंभाचा पाहुणा बहुधा ख्रिस्ती मूल असते. दुसऱ्या शाळेत हिंदू, मुसलमान किंवा बौद्ध मूल. अर्ध्या तासाच्या पायी अंतरात यजमान आणि पाहुणा यांच्या भूमिका पालटतात. त्यामुळे एखादा नियम न्याय्य आहे किंवा नाही याची परीक्षा येथे सहज होते. एका शाळेत आपणास जो नियम सोयीचा वाटतो, तोच दुसऱ्या शाळेत आपल्या मुलास लावला तर मान्य होईल काय, एवढेच विचारावयाचे असते.

३. नावांची साक्ष

प्रथम नावांचा विचार करू. 'नाताळ' हा शब्द मराठीत पोर्तुगीज 'नाताल' यापासून आला व तो लॅटिन 'नातालिस', म्हणजे 'जन्मासंबंधी', या विशेषणापर्यंत मागे नेता येतो. लॅटिनमधील जन्मवाचक धातू आणि संस्कृत 'जन्' हे एकाच इंडो-युरोपीय मुळाचे अंकुर आहेत. पाद्री, क्रूस, पाव, चावी, साबण, पगार हे शब्द ज्या वाटेने आले त्याच वाटेने 'नाताळ' आला. अंत्य 'ल'च्या जागी 'ळ' येऊन तो पुरता मराठी झाला. मराठी ख्रिस्ती लेखनात 'ख्रिस्तजयंती' असाही शब्द आढळतो, आणि अलीकडे शहरी शाळांच्या फलकांवर 'ख्रिसमस' हा इंग्रजी शब्द वाढत्या प्रमाणात दिसतो.

'सण' हा शब्द संस्कृत 'क्षण' यापासून व्युत्पादिला जातो. संस्कृतात 'क्षण' याचा एक अर्थ 'उत्सव' असाही आहे. 'सुट्टी' ही 'सुटणे' या क्रियापदाच्या कुळातील. तिच्यात पावित्र्याचा अंश नाही. इंग्रजीत सुट्टीवाचक शब्दाचा मूळ अर्थ 'पवित्र दिवस' असा असल्यामुळे तेथील वादात त्या शब्दाचाच आधार दोन्ही बाजूंनी घेतला जातो. मराठीत तशी सोय नाही. 'जयंती' हा शब्द तर दत्ताच्या जन्मदिवसास लागतो तसाच सावित्रीबाईंच्या जन्मदिवसासही लागतो. देव आणि मनुष्य असा भेद तो करीत नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. समारंभाच्या नावावरून त्याचे धार्मिक किंवा लौकिक स्वरूप ठरविता येत नाही. 'नाताळच्या सुट्टीत मामाकडे गेलो' असे वाक्य कोणत्याही धर्माचे मूल बोलते आणि त्यात श्रद्धेचा उच्चार होत नाही. व्युत्पत्ती शब्दाचा प्रवास सांगते. बोलणाऱ्याची निष्ठा ती सांगत नाही. तेव्हा नावापेक्षा वाक्याकडे वळले पाहिजे. तत्पूर्वी कायदा कोणत्या शब्दांत बोलतो हे पाहणे आवश्यक आहे.

४. कायद्यातील दोन शब्द आणि एक मोकळी जागा

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २८ मध्ये या विषयाची तीन कलमे आहेत. पहिल्या कलमान्वये, पूर्णतः शासकीय निधीतून चालविल्या जाणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. दुसरे कलम, शासन ज्यांचा कारभार पाहते परंतु ज्या एखाद्या दानामुळे वा न्यासामुळे स्थापन झाल्या व ज्यांत त्या दानाच्या अटीनुसार धार्मिक शिक्षण आवश्यक आहे, अशा संस्थांना अपवाद करते. तिसऱ्या कलमान्वये, शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत शिकणाऱ्या व्यक्तीला तिच्या, आणि ती अज्ञान असल्यास तिच्या पालकाच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षणात भाग घेण्यास किंवा उपासनेस उपस्थित राहण्यास भाग पाडता येत नाही. जिल्हा परिषदेची शाळा पहिल्या कलमाखाली येते, अनुदानित शाळा तिसऱ्या. अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. तिसऱ्या कलमाची मर्यादा मात्र त्या संस्थांनाही लागू आहे.

संविधान सभेत ७ डिसेंबर १९४८ रोजी या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या कारणांपैकी दोन येथे प्रस्तुत आहेत. या देशात धर्म अनेक आहेत, म्हणून सर्वांच्या पैशाने चालणाऱ्या शाळेत प्रत्येकाच्या धर्मशिक्षणाची तजवीज करणे व्यवहार्य नाही. आणि धर्मांचे सत्याविषयीचे दावे परस्परांशी जुळत नाहीत, म्हणून ते शाळेत आणल्यास तेथील शांतता भंगते. यातील दुसरे कारण भाषिक दृष्ट्या महत्त्वाचे आहे. संघर्ष होतो तो दाव्यांत, म्हणजे विधानांत. ताऱ्याचा समईशी संघर्ष होत नाही.

आता कायद्यातील मोकळी जागा पाहू. अनुच्छेद २८ 'शिक्षण' आणि 'उपासना' हे दोन शब्द वापरतो. 'उत्सव' किंवा 'समारंभ' हा शब्द तेथे नाही. शाळेतील नाताळचा कार्यक्रम किंवा संक्रांतीचे हळदीकुंकू यांना पाठ म्हणता येत नाही आणि सरळ उपासनाही म्हणता येत नाही. न्यायालयांनी या जागेच्या दोन कडा आखल्या आहेत. १९७१ मध्ये पंजाबातील डी. ए. व्ही. महाविद्यालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गुरू नानकांच्या जीवनाचा व शिकवणुकीचा अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे असे ठरविले. २००२ मध्ये अरुणा रॉय यांच्या याचिकेवर निर्णय देताना, धर्मांविषयीचे शिक्षण आणि विशिष्ट धर्माची दीक्षा यांत भेद करण्यात आला. ही एक कड झाली. दुसरी कड २०१३ मधील मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयाने स्पष्ट केली. नाशिक येथील एका अनुदानित शाळेतील शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्यास नकार दिला होता. हात जोडण्याची सक्ती करता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले.

प्रशासनाने या प्रश्नाला एक व्यवहारी उत्तर पूर्वीच शोधले आहे. माध्यमिक शाळा संहितेनुसार वर्षातील एकूण सुट्ट्या ७६ दिवसांहून अधिक होता कामा नयेत व कामाचे दिवस किमान २३० असले पाहिजेत. या चौकटीत राहून उन्हाळी किंवा दिवाळीची दीर्घ सुट्टी कमी करून तेवढे दिवस गणेशोत्सवास किंवा नाताळास देण्याची मुभा, शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने, शाळांना असते. वसईत या तरतुदीचे मोल मोठे आहे. सण ज्याच्या घरी आहे त्याला घरी जाऊ द्यावयाचे, इतकेच शासन येथे करते. सुट्टी देण्यात शाळा कोणाच्या वतीने काही म्हणत नाही. प्रश्न निर्माण होतो तो शाळा सुट्टीच्या आदल्या दिवशी सर्वांना एकत्र बसवून बोलू लागते तेव्हा.

५. क्रियापदांची साक्ष

शालेय समारंभांच्या वृत्तांतांची मराठी ठराविक असते. 'प्रतिमेचे पूजन करण्यात आले', 'दीपप्रज्वलन करण्यात आले', 'पुष्पहार अर्पण करण्यात आला', 'अभिवादन करण्यात आले', 'उत्साहात साजरा करण्यात आला' ही वाक्ये शाळेच्या वार्षिक अहवालात आणि वर्तमानपत्रातील स्थानिक बातम्यांत सतत भेटतात.

यातील 'पूजन' आणि 'अभिवादन' हा भेद पाहावा. ६ डिसेंबरच्या वृत्तांतात 'अभिवादन' हा शब्द जवळजवळ रूढ झाला आहे. इतर जयंत्यांच्या वृत्तांतांत मात्र 'प्रतिमापूजन' सर्रास येते. सावित्रीबाई फुले यांची जयंती विषयाने पूर्णतः लौकिक आहे. तरीही हार, हळदकुंकू, उदबत्ती आणि नारळ यांसह ती साजरी झाली की तिचे रूप उपासनेचे होते. ख्रिस्ती किंवा मुसलमान मुलाला तेथे नमस्कार करताना जो संकोच वाटतो तो सावित्रीबाईंविषयी नसून त्या क्रियेविषयी असतो. उलटपक्षी, नाताळाचा विषय धार्मिक आहे. पण एखाद्या विद्यार्थिनीने आपल्या घरच्या गोठ्यातील मातीच्या मूर्ती वर्गात आणून त्या कोणकोणत्या आहेत हे सांगितले, तर ती क्रिया लौकिक ठरते. विषय आणि क्रिया यांची धार्मिकता स्वतंत्रपणे बदलते. हे ध्यानात न घेतल्यामुळेच 'लौकिक' समारंभ आपोआप निर्दोष व 'धार्मिक' समारंभ आपोआप सदोष मानला जातो.

मराठीतील आणखी एक जोडी याहून बोलकी आहे. 'प्रार्थना म्हणणे' आणि 'प्रार्थना करणे' या दोन्ही प्रयोगांत नाम एकच असले तरी क्रिया भिन्न आहेत. पाढे म्हणतात, कविता म्हणतात, गाणे म्हणतात, तशीच शाळेत प्रार्थना म्हणतात. मंदिरात, मशिदीत किंवा चर्चमध्ये ती करतात. 'म्हणणे' या क्रियापदात दुसऱ्याचे शब्द उच्चारण्याला वाव आहे. ते एक प्रकारचे अवतरण होय. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ च्या हार्वर्ड येथील व्याख्यानांत बोलण्याने घडणाऱ्या कृतींचा विचार मांडला, तेव्हा रंगभूमीवरील उच्चार त्यांनी हेतुतः बाजूला ठेवले, कारण नटाच्या तोंडचे वचन नटाला बांधून घेत नाही. स्नेहसंमेलनातील नाटिकेत मरियेची भूमिका करणारी हिंदू मुलगी किंवा बालशिवाजी झालेला ख्रिस्ती मुलगा याच कारणाने कोणत्याही श्रद्धेची ग्वाही देत नाही. भूमिकेची चौकट सर्वांना दिसत असते.

परंतु अवतरणाला मर्यादा आहे. शब्द अवतरणात ठेवता येतात. जोडलेले हात, वाकलेली मान, टेकलेले गुडघे अवतरणात ठेवता येत नाहीत. म्हणूनच नाशिकच्या प्रकरणात वाद प्रार्थनेच्या शब्दांवर न होता हात जोडण्यावर झाला, हे भाषेच्या दृष्टीने यथार्थ आहे. तसेच ज्या गीतात ईश्वराला संबोधन आहे व पहिल्या पुरुषी याचना आहे, ते नाटिकेच्या बाहेर, परिपाठात, दररोज, सर्वांकडून म्हणवून घेतले तर 'म्हणणे' आणि 'करणे' यांतील अंतर हळूहळू नाहीसे होते. सवय चौकट पुसून टाकते.

उरला 'करण्यात आले' हा प्रयोग. कर्ता लपविणे हे त्याचे कार्य. अनुच्छेद २८ चे तिसरे कलम नेमके कर्त्याविषयी विचारते : भाग कोणी घेतला आणि कोणाच्या संमतीने? अहवालाची भाषा या प्रश्नाला उत्तर देत नाही. 'विद्यार्थ्यांनी पूजन केले' असे लिहावयाचे ठरविले तर लगेच 'कोणत्या?' असा प्रश्न उद्भवतो. कर्मणी प्रयोगाने तो उद्भवूच दिला जात नाही.

६. 'आम्ही' आणि 'आपण'

या प्रश्नाकडे पाहण्याचे सर्वांत सूक्ष्म साधन मराठीने आपणास सर्वनामांत दिले आहे. बोलणारा व ऐकणारा या दोघांना धरून 'आपण', आणि ऐकणाऱ्याला वगळून 'आम्ही', हा भेद इंग्रजीत नाही. हिंदीतही तो व्यवस्थेचा भाग नाही. मराठी व गुजराती या भाषांत तो आहे व द्राविड भाषांच्या दीर्घ सान्निध्याचा तो परिणाम मानला जातो. तमिळमध्ये 'नाम्' व 'नाङ्गळ्' असा तोच भेद आहे. 'आपण' हे आदरार्थी द्वितीय पुरुषीही येते, परंतु वर्गातील बोलण्यात संदर्भाने अर्थ सहसा स्पष्ट असतो.

आता पुढील तीन कल्पित वाक्ये पाहावीत. 'उद्या आपण नाताळ साजरा करणार आहोत.' 'उद्या ख्रिस्ती लोक नाताळ साजरा करणार आहेत.' 'उद्या आमचा नाताळ आहे. तुम्ही आमच्याकडे या.'

पहिले वाक्य उदार दिसते, पण ते ऐकणाऱ्यास न विचारता आत ओढते. येथे 'नाताळ'च्या जागी 'दत्तजयंती' घालून तेच वाक्य जिल्हा परिषदेच्या शाळेत उच्चारावे, म्हणजे ख्रिस्ती मुलाला काय वाटते ते कळेल. आणि 'नाताळ' ठेवून ते ख्रिस्ती व्यवस्थापनाच्या शाळेत उच्चारावे, म्हणजे हिंदू मुलाची अडचण कळेल. दुसरे वाक्य माहितीचे आहे व निर्दोष आहे. मात्र त्याच वर्गात दोन ख्रिस्ती मुले बसलेली असताना ते उच्चारले तर ती मुले आपल्याच वर्गात 'ते लोक' होतात. तिसऱ्या वाक्यात यजमान आहे, पाहुणा आहे आणि आमंत्रण आहे. 'आम्ही' येथे वगळण्यासाठी आलेले नाही. तुम्ही वेगळे आहात हे मान्य करूनच तुम्हाला बोलावण्यासाठी ते आले आहे. आमंत्रण नाकारता येते, आणि नाकारता येते म्हणूनच ते स्वीकारण्याला अर्थ असतो. अनुच्छेदातील 'संमती' या शब्दाचा घरगुती पर्याय 'आमंत्रण' हाच होय.

यावरून शाळेच्या भाषेचा एक नियम सुचविता येतो. सणाविषयी 'आम्ही' म्हणण्याचा अधिकार ज्यांचा तो सण आहे त्यांचा. शाळेने संस्था या नात्याने 'आपण' म्हणावे ते सर्वांना समान असलेल्या गोष्टींपुरते. शिक्षकाचे वाक्य मग असे होईल : 'उद्या आपल्या वर्गातील काही मित्रांचा सण आहे, ज्यांना सांगावेसे वाटेल ते आपल्याला त्याविषयी सांगतील.' येथे वर्ग 'आपला' आहे आणि सण 'त्यांचा' आहे. 'सांगावेसे वाटेल' ही अटही तितकीच महत्त्वाची, कारण एखाद्या मुलाला त्याच्या समाजाचा प्रवक्ता म्हणून उभे करणे हीदेखील सक्तीच होय.

प्रजासत्ताक दिनी 'आपण' निःशंकपणे म्हणता येते. संविधानाच्या मराठी उद्देशिकेचा आरंभ 'आम्ही'ने होतो, हे वरील नियमाला बाधक नाही. तेथे बोलणारे सर्व भारतीय लोक असून अर्पण करावयाचे तेही स्वतःसच आहे. ऐकणारा निराळा उरत नाही, म्हणून 'आम्ही' कोणास वगळीत नाही. सर्व वर्गाने उद्देशिका एकदम वाचली म्हणजे हे प्रत्यक्ष घडते.

७. अन्य देशांतील अनुभव

हा प्रश्न केवळ आपला नाही. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने १९६२ व १९६३ च्या निर्णयांनी सार्वजनिक शाळांतील अधिकृत प्रार्थना व धार्मिक हेतूचे बायबलवाचन घटनाबाह्य ठरविले. त्यानंतर नाताळच्या कार्यक्रमांचे काय, हा वाद उरला. दक्षिण डाकोटा राज्यातील सू फॉल्स येथे १९७७ च्या एका बालवर्गाच्या कार्यक्रमावरून तो पेटला. तेथील शाळामंडळाने नियम केले, आणि १९८० मध्ये आठव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने ते उचलून धरले : धार्मिक उगमाचे सण शाळेत पाळावयाचे तर त्यांना लौकिक आधारही हवा, धार्मिक गीते व चिन्हे सांस्कृतिक वारसा म्हणून, संयमाने व वस्तुनिष्ठपणे मांडावीत, आणि ज्यांना नको असेल त्यांना मोकळीक असावी. इंग्लंडने उलट मार्ग घेतला. १९४४ च्या शिक्षण कायद्याने तेथील शाळांत दररोजची सामुदायिक उपासना आवश्यक केली आणि पाल्याला त्यातून काढून घेण्याचा हक्क पालकांना दिला.

दोन्ही देशांत बहुसंख्य एकच, आणि म्हणून यजमान नेहमी तोच. अमेरिकेत त्यामुळे नाताळाला लौकिक करण्याकडे, म्हणजे गोठा मागे ठेवून सांताक्लॉज पुढे आणण्याकडे, कल झाला. हे लोण आपल्या शहरी शाळांतही आले आहे. लाल टोपी आणि केक यांमुळे नाताळ सर्वांचा झाला असे मानले जाते. वस्तुतः वसईच्या ख्रिस्ती मुलाचा नाताळ त्यात सापडत नाही. त्याच्या घरचा गोठा, मध्यरात्रीचा मिस्सा, शेजाऱ्यांना पाठविलेली फराळाची ताटे यांना शाळेत जागा मिळत नाही आणि बाजारातील टोपीला मिळते. हे लौकिकीकरण कोणालाच काही सांगत नाही.

८. दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, वरील निकष लावला तर संक्रांतही शाळेबाहेर जाईल. तसे होत नाही. 'तिळगूळ घ्या, गोड बोला' या वाक्याची रचना पाहावी. त्यात दोन आज्ञार्थी क्रियापदे आहेत व दोहोंचा श्रोता समोरचा मनुष्य आहे. देवतेला संबोधन नाही. श्रद्धेचे विधान नाही. याचना आहे ती शेजाऱ्याकडे. सूर्याच्या मकर राशीतील प्रवेशाची धार्मिक बाजू सुट्टीत घरी पाळली जाते. शाळेत उरते ते एका मुलाने दुसऱ्यास केलेले आवाहन. हळदीकुंकवाची गोष्ट मात्र निराळी. तेथे विधी आहे, आणि सुवासिनी व विधवा असा भेद त्याच्या पोटात आहे. विद्यार्थ्यांच्या मातांसाठी ते शाळेने आयोजित केले तर केवळ अन्य धर्मीय स्त्रियाच नव्हे, हिंदू विधवाही त्या दारात थबकतात. एकाच सणाच्या एका भागात सर्वांना जागा आणि दुसऱ्या भागात नाही, हे सीमारेषा सणाच्या आतून जाते याचे उत्तम उदाहरण होय.

दुसरा आक्षेप याच्या उलट दिशेचा आहे. इतका सूक्ष्म विचार करीत बसण्यापेक्षा शाळेने सर्वच सणांबाबत मौन पाळावे, हे सोपे नाही काय? सोपे आहे, परंतु मौनदेखील सर्वांना सारखे लागू पडत नाही. बहुसंख्यांचा सण शाळेने न उच्चारताही पाठ्यपुस्तकातून, रस्त्यावरून आणि शेजारच्या बोलण्यातून वर्गात येतो. अल्पसंख्याकांचा सण शाळेने उच्चारला नाही तर तो त्या वर्गापुरता अस्तित्वातच नसतो. गिरीजच्या परिसरात घरी कादोडी बोलणारे मूल शाळेत प्रमाण मराठी शिकते, म्हणजे बोलीपुरते ते आधीच उंबरठा ओलांडून आलेले असते. त्याच्या घरातील गोठ्याचे नावही वर्गात निघाले नाही, तर त्याचे अर्धे जग उंबरठ्याबाहेर राहते. हिराडोंगरीच्या पायथ्याशी राहणाऱ्या पण ख्रिस्ती व्यवस्थापनाच्या शाळेत जाणाऱ्या मुलाच्या दत्तजयंतीविषयीही हेच म्हणावे लागेल.

९. समारोप

सारांश, शालेय समारंभाची परीक्षा त्याच्या नावावरून किंवा साहित्यावरून न करता तीन प्रश्नांनी करावी. मुलाकडून जे बोलवून वा करवून घेतले जाते त्याचा श्रोता कोण आहे, माणूस की देवता? तो उच्चार सांगणे आहे, भूमिका आहे, की स्वतःच्या नावाने केलेली ग्वाही? आणि 'आपण' या शब्दात ज्यांना धरले आहे त्यांनी होकार दिला आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे समारंभाला लौकिक ठरविणारी असतील, तर विषय नाताळाचा असो की दत्तजयंतीचा, तो सर्वांसमोर व्हावयास हरकत नाही. तशी नसतील, तर विषय कितीही राष्ट्रीय असला तरी तिसरा प्रश्न टाळता येणार नाही.

या दिशेने अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना साधनसामग्री दूर शोधावी लागणार नाही. शाळांचे वार्षिक अहवाल, निमंत्रणपत्रिका, सूचनावह्या आणि स्थानिक बातम्या यांत ती विपुल आहे. एकाच हिवाळ्यातील, एकाच तालुक्यातील, दोन प्रकारच्या व्यवस्थापनांच्या शाळांचे हे लेखन जमवून त्यातील 'पूजन' व 'अभिवादन', 'आम्ही' व 'आपण', आणि कर्ता असलेली व कर्ता लपविलेली वाक्ये यांची नोंद केली, तर कोणत्या मुलाला कोठे जागा मिळते आणि कोठे मिळत नाही, याचा नकाशा हाती येईल. असा नकाशा मुख्याध्यापकांनाही उपयोगी पडेल, कारण डिसेंबरातील सूचना लिहिण्याचे काम अखेर त्यांनाच करावयाचे असते.